दर वेळी तीच पायरी: जोडीदाराचे केस घरी कापताना पुन्हा पुन्हा काय बिघडतं आणि का

घरी केस कापणाऱ्या जोडप्यांची तक्रार बहुतेक वेळा एका शब्दात मावते: "पुन्हा!" पुन्हा कानाच्या वर पट्टा दिसतोय, पुन्हा डावी बाजू आखूड झाली, पुन्हा मागचा भोवरा ताठ उभा. हात सराईत होत जातो, वेळही कमी लागतो, पण दोष काही आपली जागा सोडत नाही. नुसता हात चुकत असता, तर दोष दर वेळी वेगळ्या ठिकाणी उमटला असता. तो ठरलेल्या जागी उमटतो, याचा अर्थ त्या जागेचंच काहीतरी आहे. तिथे डोकं वळत असेल, केस उलटे उगवत असतील किंवा आपलं मनगट तिथे पोचताना वाकडं होत असेल. म्हणून नवं मशीन घ्यायच्या आधी दोष नेमका कुठे आहे ते नीट पाहा. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मी नवऱ्याचे केस कापते आणि तो माझ्या केसांची टोकं कापतो, त्यामुळे खाली दोन्ही प्रकार आले आहेत. पण तक्रारींचा मोठा गठ्ठा मशीनच्या कामाचा असतो, तर सुरुवात तिथूनच.

कानाच्या वर डोक्याभोवती पायरी दिसते

बाजूचे केस मशीनने बारीक आणि वरचे कात्रीने जरा लांब, हा सगळ्यात जास्त मागणी असलेला कट. आणि सगळ्यात जास्त फसतोही हाच. दोन लांबींच्या मध्ये सरळ रेषा उरते, आणि वरचे केस वेगळे आणून ठेवल्यासारखे दिसतात.

डोक्याची बाजू कानापासून वर काही अंतर जवळजवळ उभी जाते आणि मग टाळूकडे आत वळते. हे वळण कुठे सुरू होतं ते आधी शोधा. फणी डोक्याच्या बाजूला सपाट टेकवून उभी धरा. फणीचं वरचं टोक जिथे डोक्यापासून सुटतं, तिथे वळण आहे. प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि एकाच डोक्याच्या दोन बाजूंनाही थोडा फरक असतो. मशीन मारताना आपण नकळत डोक्याला चिकटून राहतो आणि वळणावरून आत जातो. तिथे वरचे लांब केस बुडाशी कापले जातात आणि पायरी पडते.

वळणापाशी पोचलात की मशीन डोक्याबरोबर आत वळवू नका. ते सरळ वर आणि किंचित बाहेर जाऊ द्या. शेवटच्या बोटभर अंतरात गार्ड, म्हणजे पात्यावर बसवायची लांबी ठरवणारी फणी, डोक्यापासून हळूहळू सुटला पाहिजे, म्हणजे तिथले केस आपोआप थोडे थोडे लांब राहतात. हा झटका मनगटाचा आहे, खांद्याचा नाही. मशीन बंद ठेवून दोन-चार वेळा नुसती हालचाल करून पाहिली तर हाताला लवकर कळते.

दुसरं कारण गार्डच्या क्रमात असतं. बरेच जण लहान गार्डने खालून सुरुवात करतात आणि मग वर मोठा लावतात. मग मधली रेषा पुसता पुसता लहान गार्ड आणखी वर चढतो, रेषाही वर चढते, आणि बघता बघता बाजू टाळूपर्यंत साफ. सलूनमधले सराईत हात खालून वर जाऊ शकतात, कारण रेषा कशी पुसायची ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. घरी उलटा क्रम बरा: आधी मोठा गार्ड संपूर्ण बाजूला, मग त्याहून एक लहान गार्ड अर्ध्या उंचीपर्यंत, मग आणखी लहान फक्त कल्ल्यांपाशी आणि मानेलगत. प्रत्येक टप्प्यात शेवटचा झटका बाहेर.

एवढं करूनही रेषा राहिलीच तर मशीनच्या बाजूची लहान दांडी वापरा. ती बऱ्याच क्लिपरना, म्हणजे डोक्याचे केस कापायच्या मशीनना, असते आणि बऱ्याच घरांत कुणी कधी हलवलेलीच नसते. दांडी एका टोकाला नेली की पातं मिटतं आणि केस जास्त बारीक होतात, दुसऱ्या टोकाला नेली की उघडतं आणि लांबी साधारण दीड-दोन मिलिमीटरने वाढते. १ आणि २ नंबरच्या गार्डमध्ये रेषा दिसत असेल तर १ लावून दांडी उघडी ठेवायची आणि फक्त रेषेवरून, गार्डच्या कोपऱ्याने, छोटे छोटे फटके मारायचे. पूर्ण रुंदीचा गार्ड रेषेवर टेकवला की नवी रेषा तयार होते.

वरच्या लांब केसांना जोडणारा शेवटचा भाग मात्र कात्रीचाच. वळणावरचे केस बोटांत उभे धरून डोक्यापासून सरळ बाहेर ओढा. लहान आणि लांब केसांच्या मध्ये एक टोकदार कोपरा बाहेर आलेला दिसेल. फक्त तो कोपरा कापा. त्याच्या खालचे आणि वरचे केस तसेच राहू द्या. कात्री आडवी धरून एका फटक्यात कापण्यापेक्षा टोकाने उभी टिचकी मारत कापली तर काठ मऊ होतो. ज्यांच्याकडे दात्यांची, म्हणजे केस विरळ करायची कात्री आहे त्यांना इथे ती वापरायचा मोह होतो. रेषेवर एक-दोनदा चालवली तर ठीक. पण बुडाशी चालवली की तिथले आखूड केस पुढे खुंटासारखे उभे राहतात आणि वरचे केस बसूच देत नाहीत.

कधी कधी पायरी नसतेच, नुसती दिसते. दिवा एकाच बाजूने येत असेल तर वरच्या केसांची सावली खालच्या भागावर पडते. कल्ल्यांपाशी पांढरे केस असले तर तो भाग आखूड नसूनही विरळ वाटतो. कापत सुटण्याआधी खुर्ची फिरवा, दुसऱ्या उजेडात पाहा, मोबाइलवर फोटो काढा. डोळ्यांपेक्षा फोटोत चूक आणि भास यांतला फरक लवकर कळतो.

"३ नंबर लावला तरी इतके बारीक कसे झाले?"

हा आकड्यांचा घोळ आहे आणि तो मशीन बदललं की हमखास होतो. क्लिपरच्या गार्डवरचा नंबर म्हणजे मिलिमीटर नव्हे. तो एका इंचाच्या आठव्या भागाचा हिशोब आहे. १ नंबर म्हणजे सुमारे ३ मिमी, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३, ६ म्हणजे १९ आणि ८ म्हणजे २५ मिमी. विजेवर चालणारा हातातला क्लिपर रूढ करणाऱ्या लिओ वॉल यांना अमेरिकेत १९२१ साली त्याचं पेटंट मिळालं, आणि इंचाची मोजणी या धंद्यात अजून टिकून आहे. दाढीच्या ट्रिमरवर मात्र थेट मिलिमीटर लिहिलेले असतात. म्हणजे क्लिपरचा ३ हा १० मिमी आणि ट्रिमरचा ३ हा ३ मिमी. "नेहमीचाच नंबर लाव" असं जोडीदार म्हणतो तेव्हा तो कुठल्या मशीनचा, हे विचारून घ्या.

दाढीच्या ट्रिमरने सगळं डोकं कापायला गेलात तर आणखी एक त्रास होतो. त्याचं पातं अरुंद असतं, त्यामुळे शेजारशेजारच्या फटक्यांमध्ये केसांच्या कडा राहून जातात आणि डोक्यावर पट्टे उमटतात. दुसरं मशीन नसेल तर एकच भाग तीन दिशांनी फिरवा: खालून वर, मग दोन्हीकडून तिरका.

एक बाजू नेहमी आखूड

उजव्या हाताने काम करणाऱ्याला डोक्याच्या दोन्ही बाजू सारख्या कधीच सापडत नाहीत. एका बाजूला मनगट सरळ राहतं आणि गार्ड पूर्ण टेकतो. दुसऱ्या बाजूला मनगट वाकतं, गार्डची एक कड उचलली जाते आणि केस लांब राहतात. त्यात समोरचा माणूस मदत म्हणून मान कलती करतो. "अरे, सरळ बस" हे वाक्य दर दोन मिनिटांनी म्हणावंच लागतं, त्यात भांडण नाही.

उभं राहायची जागा बदला. खुर्ची भिंतीला लावू नका, चारही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. बसलेल्याचं डोकं तुमच्या छातीच्या उंचीवर असावं. खूप खाली असेल तर आपण वरून पाहतो आणि मागची बाजू तिरकी कापली जाते. अवघड बाजूला मशीनची पकड उलटी करून पाहा, अंगठा पात्याच्या बाजूला न ठेवता मागे.

कल्ल्यांची उंची कानावरून मोजू नका. बहुतेकांचे दोन कान एका पातळीत नसतात, आणि कान पाहून बरोबर केलेले कल्ले आरशात वाकडे दिसतात. समोरून, आरशात पाहत, डोळ्यांच्या कोपऱ्यांवरून किंवा गालाच्या हाडावरून दोन्ही टोकं जुळवा. चष्मा काढलेला असावा हे सांगायला नको, पण शेवटी एकदा चष्मा लावून पाहायला सांगा. काड्यांखाली दबणारे केस तेव्हाच कळतात.

खरा घात होतो तो बरोबरी साधण्याच्या नादात. डावी थोडी लांब, म्हणून डावी कापली. आता उजवी लांब वाटते. असं चार वेळा झालं की दोन्ही बाजू सारख्या होतात खऱ्या, पण हव्या त्यापेक्षा एक नंबर खाली. दोन्ही बाजूंना एकच गार्ड फिरला असेल तर उरलेला फरक भांगामुळे किंवा केसांच्या दाटपणामुळे असतो. भांगाच्या बाजूला केस कमी पडतात, तिथे ते आखूड वाटणारच. लांब बाजू एकदा कापा, मशीन बाजूला ठेवा, डोकं धुऊन केस वाळू द्या. बाकी काय ते त्यानंतर.

भोवऱ्यापाशी केस उभे राहतात

भोवऱ्यात केस एका बिंदूभोवती गोल उगवतात. बहुतेकांत ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, काहींना दोन भोवरे असतात. तिथला केस आखूड झाला की स्वतःच्या वजनाने खाली बसत नाही, थेट उभा राहतो. म्हणून बाकी वरच्या केसांपेक्षा भोवरा बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जास्त लहान करू नका. किंवा मग धाडस करून तो इतका बारीक करा की उभा असला तरी कळू नये. मधल्या लांबीत तो सगळ्यात वाईट दिसतो. आपण मागून उभे असतो, भोवरा नेमका डोळ्यांसमोर असतो, आणि उभा दिसतोय म्हणून आपण आणखी कापतो. हा उपाय नव्हे, हाच आजार.

याच भागात मशीनने कापायचं असेल तर एका दिशेने भागत नाही. मशीन केसाच्या उगवण्याच्या उलट दिशेने गेलं तरच केस पात्यात येतो. भोवऱ्याभोवती ही दिशा सतत बदलते, त्यामुळे मशीनही गोल फिरवत न्यावं लागतं. मानेच्या खालच्या भागातही असंच असतं. एका कानामागचे केस वर, दुसऱ्या कानामागचे आडवे. कोरड्या केसांवरून बोट फिरवा, ज्या बाजूने खरखरीत लागेल त्या बाजूने मशीन न्या.

मानेवरची रेषा दर वेळी वर चढते

सरळ रेषा काढायला जातो, ती तिरकी होते, सरळ करायला थोडी वर घेतो. पुढच्या वेळी त्याच रेषेपासून सुरुवात. काही महिन्यांत मान उघडी पडते. घरी मानेवर कोरीव रेषा काढूच नये असं माझं मत आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे कोरलेल्या रेषेखाली आठवड्यातच खुंट दिसू लागतात. त्यापेक्षा खाली बारीक आणि वर जाड असं विरत जाणारं टोक ठेवा. फक्त नैसर्गिक रेषेच्या खालची लव साफ करा. मशीन उलटं धरून, पातं त्वचेला हलकं टेकवून, वरून खाली.

खड्डा पडला

गार्ड निसटला, किंवा लावायचाच राहिला, आणि फटका मारला. आधी थांबा. जोडीदाराला लगेच सांगा, आरशात त्याला कळणारच आहे.

खड्डा कानाच्या पातळीच्या खाली असेल तर काम सोपं. त्या उंचीपर्यंत दोन्ही बाजू त्याच लांबीला आणा आणि वर विरवत न्या. ठरवून केल्यासारखंच दिसेल. वर असेल तर खड्ड्याच्या कडा मऊ करा, म्हणजे एक मोठा गार्ड लावून कडांवरून बाहेरच्या दिशेने झटके मारा. खड्ड्याला कात्री लावू नका. मग दिवस मोजा: १० मिमीच्या जंगलात ३ मिमीचा खड्डा असेल तर फरक ७ मिमीचा, आणि केस दिवसाला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. तीन आठवड्यांत तो खड्डा आजूबाजूच्या आजच्या लांबीला पोचेल. बाकीचं डोकंही तोवर वाढेल, पण लांबी वाढली की तेवढाच फरक कमी उठून दिसतो.

कापायला बसण्याआधी डोक्यावरून बोटं फिरवून तीळ, चामखीळ, जुन्या जखमेचा वण कुठे आहे ते पाहून ठेवा. कानाच्या वरच्या कडेपाशी कान हाताने दुमडून धरा. गोल, खवले सुटणारे, केस गळालेले चट्टे दिसले तर त्या दिवशी केस कापू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. गजकर्ण मशीनवरून दुसऱ्याच्या डोक्यात जातो, आणि घरात मशीन बहुधा एकच असतं.

मशीन केस ओढतं

धार गेली असं लोक लगेच ठरवतात. तीन साधी कारणं आधी तपासा. तेलकट किंवा ओले केस गार्डमध्ये चिकटतात. मशीनसाठी केस धुतलेले आणि पूर्ण कोरडे हवेत. बॅटरी उतरली की पातं मंदावतं आणि केस कापण्याऐवजी धरतं. आणि पात्याला तेल नसतं. प्रत्येक वापरानंतर ब्रशने केस झाडा, मशीनबरोबर आलेल्या तेलाचे दोन-तीन थेंब पात्याच्या दातांवर सोडा, मशीन काही सेकंद चालवा, जास्तीचं पुसा. केसांना लावायचं तेल घालू नका, ते घट्ट होऊन मळ धरतं.

पातं सोडवून साफ केलं असेल तर परत बसवताना हलणाऱ्या पात्याचे दात स्थिर पात्याच्या दातांपेक्षा किंचित मागे आहेत ना ते पाहा. पुढे आले तर ते केसाआधी कातडी कापतात.

लांब केस: टोकं सरळ कापली, तरी वाकडी का?

आता नवऱ्याच्या हातात कात्री. इथे तक्रार अशी असते: "मी अगदी सरळ रेषेत कापलं होतं." कापलंही असेल. पण केस कुठे ओढून कापले, त्यावर ते सुटल्यावर कसे पडतील हे ठरतं.

सगळे केस मागे एकत्र धरून एका रेषेत कापले की कानापाशी उगवणारा केस मागपर्यंत यायला जास्त अंतर कापतो. तो सुटून पुढे आला की लांब उरतो, म्हणून पुढची टोकं खाली लोंबतात. दोन बाजूंना दोन बटा पुढे घेऊन कापले की उलट होतं, मध्ये मागे टोक निघतं. तो आकार हवा असेल तर उत्तमच, पण सरळ रेषा हवी असेल तर केस जिथे उगवतात तिथेच खाली सोडून कापायला हवेत. बोटांत धरून अंगापासून वर उचलले तरी बिघडतं. वरचे केस खालच्यांपेक्षा आखूड होतात आणि न मागितलेले थर पडतात.

बसलेलीने मान सरळ ठेवायची, पाय एकावर एक टाकायचे नाहीत. पाय टाकला की कंबर कलते, कंबरेबरोबर खांदा, खांद्याबरोबर रेषा. केस मधोमध विभागून खालचा पातळ थर आधी सोडा, बाकी क्लिपने वर बांधा. फणीने खाली विंचरून, फणीच्याच आधाराने, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंना जा. मग वरचा थर सोडा आणि खाली दिसणाऱ्या रेषेलाच तो जुळवा. कात्री कापडाची किंवा स्वयंपाकघरातली नको. बोथट कात्रीतून केस दाबून पुढे सरकतो आणि रेषा कापता कापताच तिरकी होते.

ओला केस ताणला जातो, वाळला की आखडतो. सरळ केसांत हा फरक थोडा असतो, कुरळ्यात भलताच मोठा. म्हणून कुरळे केस वाळवून, आपल्या नैसर्गिक वळणात असताना, एकेक बट पाहून कापलेले बरे. कपाळावरच्या बटांना तर हा नियम सगळ्यांनाच लागू. ओल्या असताना भुवयांपर्यंत कापल्या की वाळल्यावर कपाळाच्या मध्यावर पोचतात. त्या कोरड्याच कापा, न ओढता, हव्या लांबीपेक्षा बोटभर खाली, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी एकदा विंचरल्यावर ठरवा.